पट्टीत करंट होता

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पिंप्राळ्यात तुम्हाला पाहिलेलं माणूस तुमच्या लेकीशिवाय, अक्काशिवाय, आता कोणी उरलेलं नाही. तरी तुमची एक गोष्ट अजून सांगितली जाते. भर कारखान्यात, सगळे कामगार बघत असताना, इंजिनीअर झालेला मुलगा बापाच्या कानाखाली अशी ठेवून देतो की बाप तीन हात लांब जाऊन पडतो, आणि त्या एका थपडेने बापाचा जीव वाचतो. अक्का ही गोष्ट नातवंडांना सांगते, शेवटी माझ्याकडे बघते आणि पदराने डोळे पुसते. मी मान खाली घालतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. विनय कसला डोंबलाचा! ती थप्पड तुम्हाला वाचवायला मारली होती की मारायचं होतं म्हणून मारली होती, एवढाच प्रश्न आहे, आणि तो मी आजवर कोणापुढे मांडलेला नाही. आज तुमच्यापुढे मांडतो आहे. तुम्ही उठून मला मारू शकत नाही म्हणून मांडतो आहे, हेही आधीच कबूल करून टाकतो.

सुरुवातीपासून सांगायला हवं, कारण मार हा आपल्या घरातला जुना विषय. धुळ्याच्या त्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या आवारात, सरकीच्या ढिगामागे, आपल्या दोन खोल्या होत्या. कापसाचे तंतू सगळीकडे असायचे, आईच्या भाकरीवर, अक्काच्या वेणीत, तुमच्या मिशीत. कारखान्याचं स्वतःचं ऑइल इंजिन होतं आणि स्वतःची वीज होती, जुन्या पद्धतीची डीसी. तुम्ही तिथले मुख्य वायरमन. शाळा तुमची चौथीपर्यंत, पण आवारातला प्रत्येक दिवा तुमच्या हुकमाने लागायचा आणि विझायचा, आणि लहानथोर सगळे तुम्हाला मिस्त्री म्हणायचे. तार चालू आहे की बंद हे तुम्ही बोटाने बघायचात. बोटांची मागची बाजू लावायची, तळहाताची कधीच नाही, कारण झटक्याने मूठ मिटते आणि तार मुठीत राहते. हे तुम्ही मला तोंडाने एकदाच सांगितलंत. पुढचं सगळं शिकवणं केबलच्या तुकड्याने झालं. चुकून तळहात पुढे आला की पोटरीवर सटका बसायचा आणि तुम्ही म्हणायचात, "उलटा हात!" शाळेत मी आखूड चड्डीखालचे वळ लपवायला बाकावर मांडी घालून बसायचो, आणि नीट बसत नाही म्हणून मास्तर वेगळी छडी मारायचे.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी मॅट्रिकला होतो. आवारात झेंडा लागला, शेठजींनी पेढे वाटले, आणि झेंड्याच्या खांबाला तुम्ही रंगीत दिव्यांची माळ चढवलीत. तिचा एक जोड मला करायला दिला होता. तो सैल राहिला. शेठजींनी बटण दाबलं, माळ लागली आणि लगेच विझली. तुम्ही जोड तपासत आलात, माझ्यापाशी थांबलात, आणि मला त्याच खांबाला टेकवून मारायला लागलात. नव्या पांढऱ्या सदऱ्यावर नाकातलं रक्त गळत होतं. "आज तरी नका मारू, मिस्त्री," असं म्हणत एक हमाल मध्ये पडला, तर त्यालाही एक बसली. लोक हसले. मीही हसलो असेन, कारण तेव्हा हसलं नाही तर रडावं लागलं असतं, आणि रडण्याचा मार निराळा असायचा.

हे सगळं मी केव्हाच माफ केलं असतं. आपल्या आळीत मार न खाता मोठं झालेलं पोर दाखवायला नव्हतं. पण त्यानंतरची ती सकाळ माफ झाली नाही. आई चुलीपुढे बसली आहे. तव्यावर कळण्याची भाकरी आहे. मी पाटावर जेवतो आहे, अक्का सासरी गेलेली आहे. मॅट्रिकचा निकाल लागून चार दिवस झालेत. तुम्ही मला कारखान्यात मदतनीस म्हणून लावायचं ठरवलेलं, आणि आई तुम्हाला न विचारता शेठाणीकडे जाऊन माझ्या शिक्षणाबद्दल बोलून आलेली. तुम्ही दारातूनच विचारता, "शेठाणीकडे कसाले गयथी?" आई भाकरीवरची नजर न काढता म्हणते, "पोर्‍याले बुद्धी शे. त्याले शिकू द्या." एवढंच. तुमचा हात तिच्या उजव्या कानावर बसतो आणि तिचं डोकं चुलीमागच्या भिंतीवर आपटतं. भिंतीवरची राखुंडीची डबी खाली पडते. भाकरी करपल्याचा वास येतो. आई उठून बसते, पदर सारखा करते आणि भाकरी उलटते. मी ताटावरून उठलो नाही, आबा. माझ्या तोंडात घास होता. तो मी चावून गिळला.

त्या दिवसापासून आईला उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं. तिला हाक मारायची तर डाव्या बाजूने जावं लागायचं. काही दिवसांनी मी पाहिलं, तुम्हीही डाव्या बाजूने जायला लागला होतात. महिन्याभराने तुम्ही मला पुण्याला पाठवायला निघालात. धुळ्याच्या स्टेशनावर गाडी हलता हलता तुम्ही खिडकीतून माझ्या मांडीवर तुमची पक्कड टाकलीत, दोन्ही दांड्यांना तुम्ही स्वतः रबरी नळी चढवलेली. "ठेव," म्हणालात. ती पक्कड मी अजून वापरतो, आणि ती हातात घेतली की अजून मला चीड येते, कारण तुम्हाला फक्त दुष्ट म्हणून मोकळं होण्याची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

पुण्यात पदवी झाली. पुढचं शिक्षण, तेही इलेक्ट्रिकलमधलंच, मी दक्षिणेत दोन वर्षं केलं. आपल्याकडच्या वायरमनना जे हातांनी कळायचं ते मी तिथे आकड्यांनी शिकलो. नवी एसी वीज कशी वाहते, मोटर का जळते, माणसाच्या शरीरातून किती प्रवाह गेला की त्याचे स्नायू आखडतात आणि किती गेला की हृदय थांबतं. शेवटच्या परीक्षेच्या हॉलबाहेर मला आई गेल्याची तार मिळाली. पेपर देऊन निघालो, धुळ्याला पोचलो तर तिसरा दिवस झाला होता. तुम्ही ओसरीवर बसला होतात. "परीक्षा दिन्ही?" म्हणालात. "दिली," म्हटलं. "बरं करं," म्हणालात. मला वाटलं, आत्ता, इथेच, या माणसाला उचलून आपटावं. मी तुमच्या पाया पडलो आणि अंघोळीला गेलो.

मग एक वर्ष व्यवस्थापनाचं प्रशिक्षण. इंजिनीअरने कारखाना चालवायला शिकलं पाहिजे, अशी तेव्हा नवी हवा होती. परदेशातून आलेले एक प्राध्यापक आम्हाला हातात स्टॉपवॉच देऊन वर्कशॉपमध्ये उभे करायचे. माणूस किती वेळ काम करतो, किती वेळ वाट बघतो, किती वेळ नुसता उभा असतो, सगळं टिपायचं. कामगाराला ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही, चूक झाली तर नियम दाखवायचा. आपल्या घरी जे चालायचं त्याला इंग्रजीत सुपरव्हिजन म्हणतात आणि ते न मारताही करता येतं, हे मला तिथे कळलं. वर्गात मला पहिला नंबर मिळाला. तुमच्यासारखं काहीच करायचं नाही हा माझा सगळा अभ्यास होता, आणि त्यात मी हुशार होतो.

शिक्षणाचा खर्च करणाऱ्या शेठजींना शब्द दिल्याप्रमाणे मी धुळ्याला परत आलो, इंजिनीअर आणि सहायक व्यवस्थापक म्हणून. तुम्ही माझ्या हाताखाली आलात. पहिल्याच दिवशी मी स्टॉपवॉच घेऊन प्रेसजवळ उभा राहिलो, तर तुम्ही टोपी काढून हातात धरलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंत, "साहेब, मुताले किती मिनिटं?" हमाल गाठींवर लोळून हसले. मीही हसलो, आणि वहीत लिहिलं. त्यानंतर तुम्ही मला घरीसुद्धा साहेब म्हणायला लागलात. भाकरी वाढतानाही, "ल्या साहेब."

तेव्हा गावात एसी आली होती आणि कारखाना जुन्या इंजिनावरून नव्या विजेवर आणायचं काम माझ्याकडे होतं. जुनी डीसी माणसाला फेकून देते आणि एसी धरून ठेवते, असं वायरमन लोक म्हणायचे. पुस्तकात ते इतकं सरळ नाही, पण बोटाने तपासणाऱ्यांचे दिवस संपले होते हे खरं. मी दोन बल्बांचे टेस्ट लॅम्प, चालू तारेला लावले की पेटणारे, करून सगळ्यांना दिले. तुम्ही तुमचा खुंटीला टांगून ठेवलात. मग आठवड्यात आपल्यातला एक जळगावकडचा वायरमन गेला. बोर्डाच्या मागे न बघता हात घातला आणि तार मुठीत आली. त्याला ओरडता येत नव्हतं, दात कडकड वाजत होते, धोतर ओलं झालं होतं, आणि तोंड तुमच्याकडे वळलेलं होतं. तुम्ही कोरडा बांबू उचललात आणि त्याच्या हातावर असा घातलात की हाड मोडल्याचा आवाज मला दारातून आला. तो सुटून पडला तेव्हा मेलेला होता. तुम्ही त्याच्या छातीवर बसून बुक्क्या मारत होतात, "ऊठ, भाड्या, ऊठ," अशा शिव्या देत, आणि तुम्हाला ओढून काढायला चार माणसं लागली. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, त्याने उलटा हात लावला असता तर वाचला असता. मी म्हटलं, हातच लावायचा नव्हता. तुम्ही माझ्याकडे थुंकलात.

दुसऱ्या दिवशी मी नियम लावला. हाताने तार तपासणाऱ्याला जागच्या जागी कामावरून काढण्यात येईल. आणि दुरुस्तीसाठी मेन स्विच बंद केला तर बाहेर, त्या स्विचच्या केबिनच्या दाराला लाल पाटी लावायची, ती नसेल तर सगळ्यांनी वीज चालूच आहे असं धरायचं. त्याच आठवड्यात मी शेठजींना एक यादीही करून दिली, नव्या व्यवस्थेत जादा ठरणाऱ्या, म्हणून कमी करायच्या वायरमनांची. वयाप्रमाणे पहिलं नाव तुमचं येत होतं. वयाऐवजी दुसरं काही मोजता आलं असतं. मी मोजलं नाही. यादी अजून कोणाला दाखवली नव्हती, पण आवारात काय लपून राहतं? तुमच्यापर्यंत ती पोचलीच असणार.

आता तो दिवस. आधी लोक सांगतात तसा सांगतो. नवा पॅनेल पहिल्यांदा चालू करून दाखवायचा होता. नारळ आणलेला होता, शेठजी यायचे होते, कामगार जमले होते. पॅनेलचं दार उघडं, आतल्या तांब्याच्या पट्ट्या चकचकीत दिसत होत्या. केबिनच्या दाराला लाल पाटी नव्हती, म्हणजे पट्टीत करंट होता. तुम्ही गर्दीतून पुढे आलात आणि म्हणालात, "साहेबना दिवापेक्षा मनं बोट खरं बोलस." तुमचा हात आत गेला, आणि तो पट्टीला लागायच्या आत मी तुमच्या कानाखाली वाजवली. तुम्ही बाजूच्या गाठीवर जाऊन आदळलात. कानातून रक्त आलं.

मग कोणीतरी ओरडलं, "बापवर हात टाकस!" आणि गर्दी माझ्यावर आली. त्यांना करंट दिसला नव्हता, थप्पड दिसली होती. गाठी ओढायचे लोखंडी आकडे त्यांच्या हातात होते, गाठींवर आवळायच्या पट्ट्या होत्या. पहिला फटका माझ्या तोंडावर बसला आणि समोरचे दोन दात जिभेवर आले. मी खाली पडल्यावर लाथा सुरू झाल्या. बरगडी मोडल्यावर श्वास आत येत नाही, नुसता आवाज येतो, हे मला त्या दिवशी कळलं. एकाने माझं स्टॉपवॉच काढून माझ्याच कपाळावर फोडलं. लाथांच्या मधून मला तुमचे पाय दिसले. तुम्ही उठला होतात. मला वाटलं, आता थांबवाल. तुम्ही वळलात आणि दाराबाहेर, केबिनशेजारच्या नळाकडे निघून गेलात, कान धुवायला. मला मार खात टाकून गेलात.

परत आलात तेव्हा कानातून पाणी आणि रक्त गळत होतं. एक लोखंडी पट्टी उचलून तुम्ही दोघांच्या पाठीवर ओढलीत, तेव्हा कुठे जागा झाली. मग तुम्ही बोललात, ओरडून नाही, ठरवून. "मी चिकटलो असतो. माझ्या मुलाने मला वाचवलं. आता त्याला कोणी हात लावला, तर त्याची गाठ माझ्याशी आहे." प्रेसवरचा मुकादम पुढे आला. त्याला अक्कल होती, आणि जळगावकडच्या वायरमनच्या वेळी तो तिथे होता. तो म्हणाला, "मिस्त्री, करंट लागलेल्याले कोणी उघड्या हातनी शिवस का? आनि हात सोडावना तर हातवर मारतस. कानवर कोण मारस?" तुम्ही म्हणालात, "मला अजून करंट लागला नव्हता. लागणार होता." मुकादम माझ्याकडे बघत राहिला. मग तुम्ही म्हणालात, "पट्टीत करंट नव्हता असं तुझं म्हणणं आहे ना? दिवा लाव. साहेबाचाच दिवा लाव." त्याने टेस्ट लॅम्पच्या दोन्ही तारा पुढे केल्या. दोन्ही बल्ब लख्ख लागले. मुकादमाने टोपी काढली आणि मला उठवायला हात दिला. ज्याने माझे दात पाडले होते तो माझे पाय धरून रडायला लागला.

शेठजी आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्या फुटलेल्या तोंडाला पेढा लावला. "बापाला मारलं, पण नियम मोडू दिला नाही. असा मॅनेजर पाहिजे," असं ते पुढे दहा वर्षं येईल त्याला सांगत होते. त्या आठवड्यात तुम्ही स्वतःहून काम सोडलंत, त्यामुळे माझी यादी कपाटातच राहिली. तुम्ही अक्काकडे पिंप्राळ्याला गेलात. मी मोठा होत गेलो. नव्या पोरांना सुरक्षिततेचा धडा देताना दुसरे लोक माझंच उदाहरण द्यायचे, मी समोर बसलेला असताना.

आणि आता मी सांगतो तो दिवस. सकाळी दहा वाजता पट्टीचा एक नट सैल दिसला, म्हणून केबिनमध्ये जाऊन मी माझ्या हाताने मेन स्विच ओढून बंद केला होता. पाटी लावली नाही. पाच मिनिटांचं काम, कशाला लावायची? नियम करणाऱ्यानेच नियम मोडला. नट आवळून होईपर्यंत माणसं जमली आणि पाटी नाही ती नाहीच. पट्टी मेलेली होती आणि हे त्या जागेत फक्त मला माहीत होतं. तुमचा हात पुढे आला तेव्हा मी तुम्हाला अडवलं नाही. मला बघायचं होतं. तुम्ही तीन बोटांची मागची बाजू पट्टीला लावलीत. काहीच झालं नाही. तुम्ही बोटं काढली नाहीत, तशीच ठेवलीत, आणि मान वळवून उघड्या दारातून केबिनकडे पाहिलंत. मग तुम्ही हसलात. मागच्यांना तुमची पाठ दिसत होती, हसू फक्त मला. सगळ्यांसमोर तुम्ही माझं नाक कापू शकत होतात. ते तुम्ही केलं नाहीत. मला ऐकू येईल एवढंच म्हणालात, "पाटी कोठे शे, साहेब?" आणि मग, आणखी हळू, "माय बहिरी व्हती, पोर्‍या आंधळा निंघना."

आई बहिरी होती! हे तुम्ही म्हणालात. मला चूल दिसली, राखुंडीची डबी दिसली, आणि मी मारली. उजव्या कानावर, नेम धरून, सगळ्या अंगाच्या जोराने. तुम्हाला वाचवायचं माझ्या मनात कुठेही नव्हतं. मनात एवढंच होतं की कान फुटला पाहिजे. फुटला तेव्हा हाताला कळलं, आणि बरं वाटलं. आता तुम्हाला शिकवायची गरज नाही, पण तरी लिहितो, मी खाली मार खात होतो तेव्हा पट्टीत करंट नव्हता, आणि मुकादमाने दिवा लावला तेव्हा होता. मी ओढलेला स्विच मधल्या वेळात कोणीतरी वर केला होता, आणि केबिनकडे त्या वेळात एकच माणूस गेला होता. बल्ब लागले तेव्हा लोकांनी बल्बांकडे पाहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. तुम्ही घरीदारी, कामावर, मेलेल्या माणसाशीसुद्धा अहिराणी बोलायचात. पुस्तकी भाषा फक्त शेठजींपुढे आणि थापा मारताना. त्या दिवशी तुम्ही मुकादमाशी पुस्तकी बोललात, म्हणजे काय ते मला लगेच कळलं होतं.

पिंप्राळ्याहून अक्काची कार्डं यायची. आबांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच कान दाखवतात आणि म्हणतात, "हाऊ कान मना पोर्‍यानी फोडा आनि मना जीव वाचाडा." पुढच्या कार्डात असायचं, आबा विचारतात, तू कधी येतोस. मग, नुसता बसायला ये म्हणतात. मी कामाचं कारण लिहायचो. काम नव्हतं, आबा. दोनदा मी जळगाव स्टेशनावर उतरून टांगा केला होता. पहिल्यांदा अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. दुसऱ्यांदा घरापर्यंत आलो. तुम्ही ओट्यावर बसून कोणाची तरी बॅटरी दुरुस्त करत होतात. मी उजवीकडून आलो होतो. दहा पावलांवरून "आबा" म्हटलं, एकदाच, आणि फार मोठ्याने नाही. तुम्ही बॅटरीत मान घालून बसून राहिलात. त्यावर मी परत गेलो. मला भीती कसली होती, तुम्ही काही बोलाल याची की बोलणार नाही याची, ते मला ठरवता आलं नाही. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात म्हणून तुमचे पाय धरायचे, आणि त्याच तोंडाने आईच्या कानाचा जाब विचारायचा, हे एका भेटीत कसं करतात? पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. मी पोचलो तेव्हा तुम्हाला जमिनीवर घेतलेलं होतं. जमलेल्या माणसांनी मला वाट करून दिली आणि कोणीतरी कोणाला तरी सांगितलं, हाच तो, बापाला वाचवणारा.

हे पत्र अक्काला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. तिला आता नव्वद होतील. तिने मला दोनदा विचारलं, काय लिहितोस. मी म्हटलं, हिशेब. दाखवणार नाही. तिच्याकडे बाप म्हणून जो माणूस उरला आहे तो तुम्ही स्वतः बनवून ठेवलात, एक कान देऊन, आणि तो मोडायला माझा हात होत नाही. निदान असं मी स्वतःला सांगतो. पण परवा तिचा पणतू आला होता, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. चौकस आहे. त्याने मुकादमासारखाच नेमका प्रश्न विचारला, पट्टीत करंट होता हे त्यांचा हात लागायच्या आधी तुम्हाला कसं कळलं? अक्का माझ्याकडे बघत होती. मला गप्प बसता आलं असतं, मान खाली घालता आली असती. मी म्हटलं, "ठिणगी उडाली होती ना. मी डोळ्यांनी पाहिली." इतक्या वर्षांत त्या गोष्टीत ठिणगी कधीच नव्हती, आबा. ती परवा मी घातली.